कटरमास्तरांचा स्विंग

एकाहत्तराव्या वर्षी कोणी गोल्फ शिकायला आलं, तर मी त्याला खुर्ची देतो, पाणी देतो आणि गोड बोलून परत पाठवतो. उद्या पाठीत उसण भरली की घरची माणसं माझ्याच नावाने खडे फोडणार. शिवाय या वयात माणसाला शिकायचं नसतं, आपण किती शिकलोय ते सांगायचं असतं. कटरमास्तर आले तेव्हाही मी खुर्ची पुढे केली, ग्लास भरला. पण ते बसलेच नाहीत. उभ्याउभ्याच म्हणाले, "सात महिने आहेत माझ्याकडे. तेवढ्यात येईल का?"

"काय यायला हवंय?"

"पोराबरोबर खेळता येईल एवढं."

मी गेली सव्वीस वर्षं इथे गोल्फ शिकवतो. इथे म्हणजे बंद पडलेल्या एका कारखान्याच्या मागच्या लांबट पट्ट्यात. बारा मॅट, तिन्ही बाजूंनी उंच जाळी, अंतरांच्या रंग उडालेल्या पाट्या आणि चेंडूंच्या बादल्या, एवढाच संसार. खरं मैदान इथून बरंच लांब आहे आणि तिथले लोक माझ्याकडे फिरकत नाहीत. माझ्याकडे येतात ते नवशिके. त्यातले निम्मे माझ्या तोंडाला कंटाळून पहिल्याच महिन्यात पळतात. माझ्या जिभेला हाड नाही हे मला माहीत आहे, कोणी नव्याने सांगायची गरज नाही.

मास्तर पळाले नाहीत. चाळीस वर्षं त्यांनी एका मोठ्या दुकानात पुरुषांचे सूट कापले होते. शिवणारे दहा जण, कापणारे हे एकटे. तयार कपड्यांचं युग आलं आणि दुकान मिटलं. बायको तीन वर्षांपूर्वी गेली. मुलगा एकच, चव्वेचाळीस वर्षांचा, दीड दिवसाच्या प्रवासावर असलेल्या एका मोठ्या शहरात मोठ्या हुद्द्यावर. हे सगळं त्यांनी मला एका दमात नाही सांगितलं. सांगणारा माणूसच नव्हता तो. एकेक गोष्ट टाचणीसारखी तोंडात धरून ठेवायचे आणि लागेल तेव्हाच काढायचे.

पहिल्या दिवशी मी सगळ्यांना विचारतो ते त्यांनाही विचारलं, "डावखुरे की उजवे?"

"उजवा," ते म्हणाले. आणि मी विचारलं नसताना म्हणाले, "आमच्या घरात सगळे उजवे."

सुरुवातीला त्यांनी मला फार छळलं. काठी (क्लबला ते शेवटपर्यंत काठीच म्हणाले) अशी आवळून धरायचे की बोटांची पेरं पांढरी पडायची. सैल धरा म्हटलं की ती हातातून सुटून जाळीवर जायची. आठवडाभर पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी त्यांचं त्यांनाच सुचलं. म्हणाले, "कोच, कापडावर खुणा करायचा खडू असतो आमचा, चपटा. घट्ट धरला तर मोडतो, सैल धरला तर रेघ वाकडी जाते. तसं धरायचं का?" मी म्हटलं, तसंच धरायचं, आणि हे आठ दिवस आधी का नाही सुचलं? ते हसले. पुढे मी सगळ्याच पोरांना तो खडू सांगायला लागलो, स्वतःचंच डोकं असल्यासारखा.

खरं घोडं अडलं ते पुढेच. चेंडूपर्यंत त्यांचा स्विंग बघण्यासारखा यायचा. पाय रोवलेले, खांदे पूर्ण वळलेले, मान स्थिर. आणि चेंडूला काठी लागली की सगळं जागच्या जागी थांबायचं. चेंडू बिचारा वीस पावलं घरंगळायचा.

"थांबता का?" मी ओरडायचो. "मारून झाल्यावरच तर खरा स्विंग असतो! काठी पुढे जाऊ द्या, खांद्यावरून पाठीमागे जाऊ द्या, कमर वळू द्या, पोट समोर येऊ द्या!"

"रेघ संपली की कात्री थांबवायची," ते म्हणायचे. "एक दोराभर पुढे गेली तरी कापड वाया. चाळीस वर्षांचा हात आहे, कोच."

जित्याची खोड. मग मी चेंडूच काढून घेतला. महिनाभर नुसती हवेत काठी. आणि कान उघडे ठेवायला सांगितले. काठीचा सूंऽऽ आवाज चेंडूच्या जागेच्या आधी आला तर चूक, पुढे आला तर बरोबर. ते डोळे मिटून, मान तिरकी करून ऐकायचे. आजूबाजूची तरुण मंडळी धडाधड चेंडू फोडतायत आणि आठ नंबरच्या मॅटवर हा इस्त्रीच्या शर्टातला म्हातारा हवा कापतोय. लोक हसायचे. मीही एकदोनदा हसलो, खोटं कशाला बोलू.

हा सगळा खटाटोप कशासाठी, ते त्यांनी एकदा चेंडू वेचताना सांगितलं. आदल्या वर्षी ते मुलाकडे बारा दिवस राहून आले होते. "बारा दिवसांत बोलणं किती झालं असेल? सकाळी 'निघतो, बाबा'. संध्याकाळी 'जेवलात ना?' संपलं. वाईट वागला असं नाही हो. माझ्यासाठी उशी बदलून आणली, खोलीत पाण्याची बाटली ठेवायचा. पण माझ्यासमोर बसायचा नाही. रविवारी पहाटे काठ्यांची पिशवी घेऊन गेला, दुपारी आला. जिन्यात गुणगुणत होता. मला ऐकू आलं. म्हणून मीच दार उघडलं. मला बघितलं आणि गुणगुणणं थांबलं."

ते एक चेंडू बोटांनी पुसत राहिले.

"निघताना स्टेशनवर म्हणाला, पुढच्या वेळी याल का माझ्याबरोबर? माझ्याच काठ्या वापरा. पण चेंडू मारता आल्याशिवाय मैदानावर सोडत नाहीत हां. बोलायचं म्हणून बोलला असेल. पण बोलला. चार तास लागतात म्हणे. तो आणि मी, चालत. चार तासांत तो उठून दुसऱ्या खोलीत जाऊ शकणार नाही."

मी त्यांच्या हातातला चेंडू घेतला आणि बादलीत टाकला. 

मध्ये एकदा ते चार दिवस आले नाहीत म्हणून मी पत्ता काढून घरी गेलो. साधा सर्दी-ताप होता. दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत भिंतभर लांब कापायचं टेबल, आणि त्याच्या एका कोपऱ्यात एक ताट, एक पेला, एक चमचा. समोर दुकानातून आणलेला माणसाएवढा तीन पाखांचा आरसा, सूट घालून बघायचा असतो तो. टेबलाला टेकवलेली लाकडी मीटरपट्टी, तीच त्यांची सरावाची काठी.

"या आरशासमोर दिवसाला वीस माणसं उभी राहायची," ते घशातून खरखरत म्हणाले. "आता मीच गिऱ्हाईक. आणि तीन-तीन दिसतो, म्हणजे घर तसं भरलेलं असतं." स्वतःच हसले, मग खोकले. मी चहा केला. कपही एकच होता. मी पेल्यात घेतला. घरी जाताना मला उगाचच राग येत होता, कोणाचा ते कळेना.

साडेपाच महिन्यांनी त्यांचा चेंडू पहिल्यांदा खरा उडाला. टक्क असा कोरडा आवाज, आणि चेंडू शंभराच्या पाटीवरून पलीकडे. काठी पार खांद्यामागे, पोट समोर, चित्रात असावं तसं. मी शिट्टी मारली. मास्तर वळून म्हणाले, "त्याच्यासमोर असाच लागेल ना?"

मग फोटोचा दिवस आला. तिकीट काढून झालं होतं, सहा आठवडे उरले होते. तू कसा उभा राहतोस ते बघू दे म्हणून त्यांनी मुलाकडून फोटो मागवला होता. मोबाइल माझ्यापुढे धरला. स्विंग संपल्यावरचा फोटो होता. मी एका नजरेत म्हटलं, "वा! पोरगा डावखुरा आहे की तुमचा."

"नाही नाही. फोटो उलटा आला असेल. मोबाइलवर येतात तसे."

"येतात," मी म्हटलं. मला काय करायचंय!

पण त्यांनी चष्मा बदलला, फोटो बोटांनी मोठा केला आणि बघत राहिले. चेहऱ्याकडे नाही, शर्टाकडे. पुरुषांच्या शर्टाची डावी पट्टी उजवीवर येते. फोटो उलटा असता तर उजवी पट्टी वर दिसली असती. चाळीस वर्षं ज्याने माणसं समोरून आणि आरशातून, दोन्हीकडून बघितली, त्याला हे कोणी सांगावं लागत नाही.

"पट्टी बरोबर आहे," ते म्हणाले. "फोटो सरळ आहे."

आणि त्या दिवशी ते पहिल्यांदा माझ्या खुर्चीत बसले.

मग बोलायला लागले. मुलगा सहा वर्षांचा असताना सगळं डाव्या हाताने करायचा. त्याला कटर करायचं हे मास्तरांनी तो पाळण्यात असतानाच ठरवलेलं. आणि कापायची कात्री उजव्या हातासाठीच बनवलेली असते. डाव्या हातात ती कापड कापत नाही, चावते, आणि खडूची रेघही पात्याखाली झाकून जाते. म्हणून रोज संध्याकाळी तासभर मास्तर मुलाचा डावा हात मापाच्या टेपने अंगाशी बांधायचे आणि उजव्या हातात कात्री द्यायचे. जुन्या वर्तमानपत्रांवर रेघा कापायला लावायचे. वर्षभर.

"रडायचा?" मी विचारलं.

"नाही. रडला असता तर मी सोडलं असतं कदाचित. वर्षाने उजव्या हाताने लिहायला लागला. मी दुकानात प्रत्येक गिऱ्हाईकाला अभिमानाने सांगायचो, वळवला मी त्याला. पण कात्री काही त्याला आवडली नाही. दहावीनंतर दुकानात पाऊल टाकलं नाही त्याने. मला वाटायचं, शिकून शहाणा झाला, बापाचा धंदा हलका वाटतो." त्यांनी मोबाइल पालथा घातला. "अडतीस वर्षं, कोच. मला दाखवायला उजवा. मला वाटत होतं, माझं पोरगं मला माहीत आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी शटर उघडतोय तर मास्तर दारात. म्हणाले, "मला डाव्या बाजूने शिकवा."

माझं डोकंच फिरलं. "अहो, सहा महिन्यांची मेहनत पाण्यात घालता? सहा आठवड्यांत उलटं शिकवायला मी काय जादूगार आहे? तिथे उजव्या काठ्या भाड्याने मिळतात, त्या घ्या, झोकात मारा, पोरगा बघत राहील!"

"मिळत असतील," ते म्हणाले. "पण त्याने त्याच्या वापरा म्हटलंय."

अडगळीतून मी एक गंजलेली डावी काठी शोधून काढली. पुढचे सहा आठवडे मला आठवायला नकोत. नवशिक्या माणसाला निदान काहीच येत नसतं. यांना चुकीचं येत होतं. मेंदू एकीकडे, हात दुसरीकडे. काठी मॅटवर आपटायची, चेंडू पायाला लागायचा, मनगट सुजलं. उजवा हात मध्येमध्ये घुसायचा, आगाऊ सुनेसारखा. एका सकाळी दहा चेंडू सलग हुकले, तेव्हा ते रडकुंडीला येऊन म्हणाले, "कोच, माझा उजवा हात बांधून बघा."

"मी असले उद्योग करत नाही," मी फाडकन म्हटलं.

शब्द बाहेर पडला आणि जीभ चावली. मास्तरांनी मान खाली घातली. म्हणाले, "बरोबर आहे तुमचं." आणि पुन्हा चेंडू ठेवला. मी माझ्या आयुष्यात अनेकांना टाकून बोललोय, पण त्या एका वाक्याची मला अजून लाज वाटते.

जायच्या आदल्या दिवशी त्यांचा डावा चेंडू साठ पावलं जायला लागला. फार उंच नाही, पण सरळ. "पुरे," मी म्हटलं. ते गेले. अठरा दिवस आठ नंबरची मॅट रिकामी होती. कोणी तिथे उभं राहिलं की मी त्याला नऊवर पाठवायचो. कारण विचारलं तर मॅट फाटलीये म्हणायचो.

एकोणिसाव्या दिवशी सकाळी दहा वाजता ते आले. मी बादली खाली ठेवली. "बोला!"

"गेलो मैदानावर. मोठं आहे हो. एवढं हिरवं मी एका जागी कधी बघितलं नव्हतं." मग म्हणाले, "पहिली पाळी त्याची होती. चेंडू ठेवला. डाव्या बाजूने उभा राहिला. आणि मारायच्या आधी सरळ झाला, माझ्याकडे वळला आणि म्हणाला, बाबा, तुम्हाला चालेल ना?"

मी बादली पायाने बाजूला सारली.

"चव्वेचाळीस वर्षांचा माणूस, कोच. त्याच्या हाताखाली शंभर माणसं आहेत. आणि माझी परवानगी मागतो."

"मग? काय म्हणालात?"

"नुसती मान हलवली. पण तोवर त्याने नजर खाली नेली होती, चेंडूवर. त्याला दिसलंच नाही. मग त्याने मारला." मास्तरांचा हात आपोआप वर गेला, डावीकडून. "काय सुंदर मारतो हो. कुठे अडतच नाही. माझ्या घरात इतकी वर्षं वावरला, पण असा मोकळा मी त्याला कधी बघितला नाही."

"आणि तुम्ही?"

"त्याचीच काठी घेतली. डावीकडून मारला. गेला साठ पावलं, सरळ. तो बघतच राहिला. म्हणाला, बाबा, तुम्ही उजवे आहात. मी म्हटलं, हो. म्हणाला, मग असं कोणी शिकवलं तुम्हाला? मी म्हटलं, आमच्या कोचने. तर म्हणाला..." ते घुटमळले.

"काय म्हणाला?"

"म्हणाला, फसवलं तुम्हाला त्याने. त्याला काही येत नसणार."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "आणि तुम्ही ऐकून घेतलंत?"

"काय सांगणार? चार तास चाललो आम्ही. गवतावर बोललो, बुटांवर बोललो, वाऱ्यावर बोललो. एकदा धीर करून विचारलं, आईला माहीत होतं का रे, तुझ्या हाताचं? तर म्हणाला, आईनेच तर लपवलं. मग पुढचा चेंडू आला. दोन आठवडे रोज ठरवायचो, आज बोलू. ते वाक्य इथे यायचं," त्यांनी गळ्याला हात लावला, "आणि तो म्हणायचा, जेवलात ना? मी म्हणायचो, हो."

सात महिने. शंभर पावलांचा चेंडू मोडून साठ पावलांचा केला, मनगट सुजवून घेतलं, आणि पोराला एवढंच कळलं की बापाचा कोच गाढव आहे! मला मास्तरांचा राग आला आणि त्याच वेळी भडभडून आलं. मी त्यांचा मोबाइल त्यांच्याच खिशातून काढला आणि पुढे धरला.

"लावा फोन. आत्ता. माझी अब्रू गेलीये."

"कामात असेल."

"असू दे!"

त्यांनी लावला. फोनचा आवाज ते नेहमी पूर्ण वाढवून ठेवतात, बाराही मॅटवर ऐकू जातो. तिकडून घाईघाईने आलं, "बाबा? काय झालं? बरं आहे ना?"

"बरं आहे. अरे... माझा कोच चांगला आहे."

"काय?"

"त्याने मला उजवंच शिकवलं होतं, नीट. डावं मी मागून घेतलं. तू डावा आहेस म्हणून." मास्तर जाळीकडे तोंड करून उभे होते. "आणि तू विचारलंस ना मैदानावर, चालेल ना? मी मान हलवली होती, तुला दिसली नाही. चालतं मला. तेव्हाही चालायला हवं होतं, सहा वर्षांचा होतास तेव्हा. हात बांधायला नको होता मी तुझा. फार चुकलं माझं."

तिकडून काही आलं नाही. मला वाटलं, लाइन तुटली. मास्तरांनी फोन कानापासून लांब धरून बघितला, लाइन चालू होती. त्यांनी तो परत कानाला लावला.

आपण तिथे उभं राहणं बरं नव्हे, म्हणून मी बादली उचलली आणि चेंडू वेचायला जाळीच्या टोकापर्यंत गेलो. सावकाश वेचले. एकेक पुसला. बादली काठोकाठ भरली तेव्हा परत आलो. मास्तर तिथेच होते, आठ नंबरच्या मॅटवर, फोन कानाला लावून. ते बोलत नव्हते. तिकडूनही कोणी बोलत नव्हतं. मी जवळ गेलो तसं त्यांनी दुसरा हात वर करून मला थांबवलं, आणि मग मलाही ऐकू आलं, तिकडे कोणीतरी रडत होतं.